सोळा हजार जणी आणि केडगावच्या रमाबाई



आजचं वाचन – श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय ५९. नरकासुराचा वध.

नरकासुर म्हटलं की आपल्याला दिवाळीची पहाट, उटणं आणि पायाच्या अंगठ्याखाली फोडलेलं कारीट आठवतं. आणि हा अध्याय म्हटलं की सोळा हजार बायका. कृष्णावरचा सगळ्यात घिसापिटा विनोद. आमच्या ऑफिसात मी एकादशीचा डबा उघडला की कुणी ना कुणी तो मारतोच. पूर्वी मी भांडायचे, आता नुसती हसते आणि साबुदाण्याची खिचडी खाते.

पण अध्याय नीट वाचा. नरकासुराने ठिकठिकाणच्या राजांच्या मुली पळवून आणून आपल्या महालात डांबलेल्या आहेत. तो मरतो, दरवाजे उघडतात आणि या मुली कृष्णाला पाहून मनोमन त्यालाच वरतात. पुढे कृष्ण त्यांना काय देतो, तर स्वच्छ कपडे. मग पालख्या. मग द्वारकेत प्रत्येकीला वेगळं घर, आणि तितकी रूपं घेऊन एकाच मुहूर्तावर प्रत्येकीशी रीतसर लग्न. या मुलींना माहेर परत घेणार नव्हतं म्हणून देवाने त्यांना आपलं नाव दिलं, असं कीर्तनकार सांगतात. ते मूळ श्लोकांत तसं नाही, ती नंतरच्या सांगणाऱ्यांची भर आहे. पण मला ती भर पटते. कारण आधी कपडे, मग वाहन, मग घर, हा क्रम ज्याने लिहिला त्याला सुटका कशी करतात हे ठाऊक होतं.

आज श्लोकांवर जास्त लिहीत नाही. आज एका बाईंबद्दल लिहायचंय, ज्यांना हा अध्याय तोंडपाठ होता. हाच नाही, भागवताचे अठरा हजार श्लोक. आणि तरी त्या आपल्यातून निघून गेल्या. पंडिता रमाबाई.

शाळेच्या पुस्तकात आपण त्यांच्याबद्दल चार ओळी वाचतो. शारदा सदन, मुक्ती सदन, गाळलेल्या जागा भरा. मीही तेवढंच वाचलं होतं.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळ नावाच्या जंगलातल्या जागी. ती आज कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे. विद्यार्थीदशेत पुण्यात त्यांनी आपल्या गुरूंना पेशव्यांच्या घरातल्या बाईंना संस्कृत शिकवताना पाहिलं, आणि आपल्याही बायकोला शिकवायचं हे तेव्हाच ठरवलं. पहिल्या पत्नीला ते जमलं नाही, घरच्यांनी जमू दिलं नाही. त्या वारल्यावर शास्त्रीबुवा यात्रेला निघाले. गोदावरीच्या काठी एका यात्रेकरू ब्राह्मणाशी गाठ पडली, त्याला नऊ वर्षांची मुलगी होती, आणि दुसऱ्या दिवशी लग्न झालंसुद्धा. नवरा चव्वेचाळीस वर्षांचा. हे वाचताना माझ्या पोटात गोळा आला. गंमत अशी की याच माणसाने या मुलीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृतात असं तयार केलं की त्या स्वतः शिकवू लागल्या. बाईला शिकवतो म्हणून त्यांना उडुपीला धर्मसभेपुढे उभं केलं गेलं, तिथे त्यांनी शास्त्रांचे आधार काढून आपली बाजू मांडली. मग जंगलात आश्रम काढला. पाहुणे आणि विद्यार्थी पोसता पोसता कर्ज झालं आणि सगळं कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. रमा तेव्हा सहा महिन्यांची. वेताच्या पेटाऱ्यात घालून एका माणसाच्या डोक्यावरून तिला डोंगराखाली आणलं.

त्यानंतर घर असं नाहीच. गावोगावी देवळात किंवा घाटावर बसून पुराण सांगायचं, लोक धान्य, फळं, पैसे ठेवतील त्यावर जगायचं. वडील थकले होते, म्हणून रमाला आईने शिकवलं. पहाटे पाखरं बोलायच्या आधी आई झोपलेल्या लेकीला उचलून मांडीवर घ्यायची, हळूहळू जागं करायची आणि पाठ सुरू. ही मांडी मला फार लख्ख दिसते. आपण सकाळी सहाच्या अलार्मला तीनदा गप्प करून मग भागवताचं ॲप उघडतो, त्या मानाने.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचं होतं नव्हतं ते दानधर्मात आणि देवकार्यात गेलेलं. मजुरी करायची नाही, भीक मागायची नाही, हा घरचा नियम. जंगलात पानं खाऊन आणि पाणी पिऊन दिवस काढले. वडील गेले. थोड्याच काळात आई गेली. आईच्या शेवटच्या आजारात रमा शेजारच्या दारात भाकरीचा तुकडा मागायला गेली, तर तोंडातून शब्दच फुटेना. आईला स्मशानात न्यायला चार खांदेकरी मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे आले, तिसरा भाऊ श्रीनिवास, चौथी रमा. उंचीने लहान म्हणून तिला तिरडी खांद्यावर पेलता येईना, तिने ती डोक्यावर घेतली. मागोमाग थोरली बहीणही गेली.

उरले दोघं भाऊ-बहीण. पायी उत्तरेपर्यंत गेले. पंजाबात झेलमच्या काठी थंडीत पांघरायला काही नव्हतं, तेव्हा वाळूत खड्डे खणून गळ्यापर्यंत वाळू ओढून घेतली आणि रात्र काढली. १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी विशीतल्या या मुलीची परीक्षा घेतली आणि थक्क होऊन तिला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. ज्या शहरात तिला कुणी ओळखत नव्हतं तिथे तिची व्याख्यानं ऐकायला गर्दी होऊ लागली. तिथेच केशवचंद्र सेनांनी तिला वेद वाचायला सुचवलं. बाईने वेद वाचायचे नसतात हे घरून ठसलेलं, त्यामुळे ती आधी दचकली. मग वाचायला लागली. धर्मशास्त्रंही वाचली. शास्त्रकारांची आपापसांत कशावर म्हणून एकवाक्यता नाही, पण बाई हलकी आणि तिला मोक्ष अवघड, एवढ्या एका गोष्टीवर सगळे एक आहेत, असं तिचं मत तिथे झालं. पुढे तिने ते लिहूनही ठेवलं.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी तिने बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं, जात वेगळी, लग्न नोंदणीचं. १८८१ मध्ये मुलगी झाली, मनोरमा. १८८२ च्या फेब्रुवारीत नवरा पटकीने गेला. वय तेवीस, कडेवर दहा महिन्यांचं मूल. आईबाप नाहीत, भाऊ नाही, सासर नाही.

इथून पुढे मी त्यांना अहोजाहो म्हणते, कारण इथून पुढे त्यांनी जे केलं ते अरेतुरेत लिहायला जीभ वळत नाही.

त्या पुण्यात आल्या. आर्य महिला समाज काढला. शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर आयोग आला तेव्हा त्यांनी साक्ष दिली की मुलींना शिक्षिका हव्यात आणि बायकांना बायका डॉक्टर हव्यात. स्वतः डॉक्टर व्हावं म्हणून १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. कानांनी घात केला, कमी ऐकू येत होतं, त्यामुळे डॉक्टरकी राहून गेली. पण तिथे दुसरं काही घडलं.

ज्या ख्रिस्ती भगिनींकडे त्या राहत होत्या, त्यांचं लंडनच्या फुलहॅम भागात एक घर होतं. वाईट वाटेला गेलेल्या, फसवलेल्या, टाकलेल्या बायकांसाठी. रमाबाईंनी ते पाहिलं आणि त्या हादरल्या. अशा बाईला कुणी घरात घेतं, तिच्याशी मऊ बोलतं, तिला आजारातून उठवतं, हे त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. असं का करता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा एका भगिनीने त्यांना येशू आणि विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली. त्याच वर्षी सप्टेंबरात रमाबाईंनी मनोरमासह बाप्तिस्मा घेतला.

मी इथे अडकले मंडळी. दोन दिवस अडकले.

कारण अध्याय ५९ त्यांना पाठ होता! डांबलेल्या, बदनाम होऊ शकणाऱ्या सोळा हजार मुलींना देव स्वतः घरी नेतो, ही गोष्ट त्यांनी घाटाघाटावर शेकडो वेळा म्हटली असणार. मग त्यांना ती गोष्ट दिसायला फुलहॅमपर्यंत का जावं लागलं? आधी मला राग आला, त्यांचाच. मग वाटलं, त्यांनी ती गोष्ट फक्त ऐकली होती. ती करणारं घर त्यांनी तोवर पाहिलंच नव्हतं. जिथे त्या पुराण सांगत, तिथेच पायरीवर केशवपन केलेल्या विधवा बसलेल्या असत, आणि पुराण संपल्यावर त्यांना कुणी पालखी पाठवत नसे.

पुढे अमेरिका. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, तो समारंभ पाहायला रमाबाई गेल्या होत्या. तिथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, गावोगाव भाषणं दिली, बॉस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी मंडळ स्थापन झालं. परत येऊन ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं. पहिल्या मुलींत एक बालविधवा होती गोदूबाई जोशी. ११ मार्च १८९३ ला या गोदूबाईंनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. तीनदा ११ मार्च. मी तारखा पुन्हा पुन्हा तपासल्या. महर्षी कर्वे म्हटलं की आपल्याला हिंगणे आठवतं, पण त्यांच्या घरातली बाई ज्या दारातून बाहेर पडली ते दार रमाबाईंनी उघडलेलं होतं, हे मला गेल्या महिन्यापर्यंत माहीत नव्हतं.

१८९० मध्ये सदन पुण्यात आलं. नियम असा की कुणाच्या धर्मात ढवळाढवळ नाही. मुलींनी आपापला सोवळ्याचा स्वयंपाक करावा, आपापली पूजा करावी. न्यायमूर्ती रानडे, भांडारकर अशी माणसं सल्लागार. रमाबाई स्वतःची प्रार्थना दार उघडं ठेवून करत, आणि काही मुली येऊन बसू लागल्या. त्यावरून पुणं पेटलं. केसरीतून टिळकांनी झोड उठवली. १८९३ मध्ये सल्लागारांनी अंग काढून घेतलं, पालकांनी कितीतरी मुली काढून नेल्या. टीका करणाऱ्यांचं सगळंच चूक होतं असं मी म्हणणार नाही. धर्म शिकवणार नाही म्हणून उघडलेलं घर, आणि त्यातल्या मुली धर्म बदलू पाहतात, तर आईबापांनी काय समजायचं? पण काढून नेलेल्या मुलींची पुढची सोय त्या लेख लिहिणाऱ्यांपैकी कुणी केली, ते मी शोधत राहिले.

या सगळ्यानंतर त्या एकदा गरीब यात्रेकरणीच्या वेषात वृंदावनात गेल्या. आपल्या वृंदावनात. तिथल्या विधवांचं काय होतं ते स्वतः पाहायला. त्यांनी पाहिलं की देवाच्या नावाने आलेल्या तरुण विधवांना भजनाच्या बदल्यात मूठभर धान्य मिळतं आणि त्यांच्यावर नको त्या नजरा असतात. मी स्वतः वृंदावनात राधे राधे म्हणत फोटो काढून आलेय. त्या गल्ल्यांत पांढऱ्या साडीतल्या आज्या आजही बसलेल्या असतात. मी त्यांच्या हातात दहा रुपये ठेवले होते आणि मला फार भक्त असल्यासारखं वाटलं होतं.

१८९६-९७ मध्ये मध्य भारतात दुष्काळ पडला. बातम्या आल्या आणि रमाबाईंना स्वतःची आई आठवली. त्या उठून तिकडे गेल्या. दुष्काळात मुली विकल्या जातात, मदतीच्या छावण्यांतूनसुद्धा उचलल्या जातात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. काही महिन्यांत तीनेकशे मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग, एवढ्या जणींना शहरात ठेवायची परवानगी नाही. म्हणून पुण्यापासून पन्नासेक किलोमीटरवर, रेल्वेच्या कडेला केडगावला, जिथे त्यांनी फळबागेसाठी जमीन घेतली होती, तिथे तंबू ठोकले. हेच मुक्ती सदन. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळात पुन्हा तेच, आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली.

आता मला वाटतं तुम्ही केडगावचं काम नीट डोळ्यांपुढे आणावं. आलेली मुलगी म्हणजे हाडांचा सापळा, अंगावर चिंध्या, केसात उवा, आणि कुणी जवळ आलं की ओरडणारी. आधी अंघोळ, कपडे, पेज. मग शिकवणं. शारदा सदनात शिकून तयार झालेल्या मुली आता या नव्यांना सांभाळणाऱ्या झाल्या. म्हणजे काल जी रडत होती ती आज दुसरीचे केस विंचरतेय. मग शाळा, आणि शाळेबरोबर हाताला काम. माग, शिवण, शेती, दूध, तेलाचा घाणा, छापखाना. छापखाना बायका चालवायच्या, १९०० च्या आसपासच्या महाराष्ट्रात! आंधळ्या बायकांसाठी मनोरमाबाईंनी ब्रेल शिकून आणलं. म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन. आणि ज्यांना कुणीच दारात उभं करत नव्हतं, त्यांच्यासाठी कृपा सदन.

कृपा सदन वाचलं आणि मी पुस्तक मिटलं. हा अध्याय ५९ होता. केडगावात, दौंड लाइनवर.

केडगावात आलेल्या बहुतेक जणी ख्रिस्ती झाल्या, हे मला खटकतं. लपवत नाही. ज्या मुलीच्या पोटात अन्न नाही तिची निवड किती मोकळी, हा प्रश्न मला पडतो. पण त्या मुली दुष्काळात रस्त्यावर पडल्या होत्या तेव्हा त्यांच्या शेजारून कितीतरी तीर्थयात्रा गेल्या असतील, हेही मला विसरता येत नाही. रमाबाईंनी पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं, ते मुक्तीच्याच छापखान्यात बायकांनी छापलं. भागवत मांडीवर शिकलेली मुलगी. १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या, चाळीस वर्षांच्या. पुढच्या वर्षी ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या.

आता माझी गोष्ट, कारण ती न सांगता हे पोस्ट करणं मला बरं वाटत नाही.

काही वर्षांपूर्वी मी रोज लिहायला नुकतीच लागले होते, तेव्हा एका ताईंचा मेसेज आला. रात्री उशिरा. नवरा मारतो, सासूबाई बघत बसतात, मूल लहान आहे, माझ्या सत्संगात सांगितलं तर प्रारब्ध म्हणाले, तुम्ही काहीतरी सांगा. मी काय केलं? कुंतीची प्रार्थना पाठवली. विपत्ती हीच कृपा असते, नाम सोडू नका, नवऱ्यासाठी प्रार्थना करा, असा लांबलचक, छान भाषेतला रिप्लाय. वर कमळाचं चित्र. त्यांनी हात जोडलेले पाठवले. त्यानंतर त्यांचा मेसेज कधीच आला नाही. पुढे मी शोधलं तर ते खातं नव्हतं.

काही सुचलं नाही असं नव्हतं. मला काहीच माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना मी ज्ञान दिलं. कुंतीने ती प्रार्थना स्वतःसाठी मागितली होती. दुसऱ्या कुणाला मार खात राहा म्हणून ती सांगत नाही.

आता माहीत आहे ते लिहिते, कारण तुमच्यापैकी कुणालातरी असा मेसेज रात्री येईल. १८१ हा महिलांसाठीचा हेल्पलाइन नंबर आहे, ११२ लगेच पोलीस हवे असतील तेव्हा, मुलांसाठी १०९८. सरकारची सखी नावाची वन स्टॉप सेंटर्स आहेत, तिथे तात्पुरता निवारा, डॉक्टर, वकील, समुपदेशन एकाच ठिकाणी मिळावं अशी सोय आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, त्यात संरक्षण अधिकारी असतात, आणि बाईला त्या घरात राहण्याचा हक्क मागता येतो. महाराष्ट्रात पोलिसांबरोबर बसून काम करणारे महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष आहेत. १९८४ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने पहिला सुरू केला. तिथे बसलेल्या ताई आधी ऐकून घेतात. तक्रार करायची की नाही, घर सोडायचं की नाही, हे बाईने ठरवायचं असतं, आपण नाही. आधी फक्त विचारा, आत्ता तू सुरक्षित आहेस का. श्लोक नंतर पाठवता येतो.

मागच्या रविवारी मी दौंडच्या गाडीने केडगावला उतरले. संस्था आजही चालू आहे, आजही तिथे बायका आणि मुलं राहतात. मी फार काही पाहिलं नाही, पाहायला गेलेही नव्हते. रस्त्याच्या कडेला उभी राहून मोबाईलवर अध्याय ५९ वाचला, मनातल्या मनात, एकदा. ऊन फार होतं. मग परतीची गाडी पकडली.

उद्या अध्याय ६०, कृष्ण रुक्मिणीची थट्टा करतो तो. छोटा नाही, वेळ काढून बसा.

जय श्रीकृष्ण.